वाण की गुण? अनुवंश, संगोपन आणि मानसशास्त्राचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात मानसशास्त्र शिकवते. प्रश्न मात्र वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त येतात. व्हॉट्सॲपवर येतात, पालकसभा संपल्यावर जिन्यात येतात, एकदा तर मिसळीच्या दुकानात कट वाढता वाढता मामांनीच विचारला. तेच ते प्रश्न परत परत येऊ लागले म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून ठेवली. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'अनुवंश की संगोपन' हा वाद नेमका कशाचा?

आपल्याकडे तो एका म्हणीत मावतो: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे अंगाचा रंग. तो शेजारच्या बैलाकडून लागत नाही, गुण लागतो. माणसातलं वाण कुठलं आणि गुण कुठला, हाच हा वाद. त्याच भाषेत 'खाण तशी माती' आणि 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' याही म्हणी आहेत, आणि सोयीप्रमाणे आपण दोन्हीकडच्या वापरतो. पोरगं नापास झालं की संगत वाईट, पहिलं आलं की 'आमच्या घराण्यातच आहे ते'.

पुस्तकांत 'अनुवंश आणि परिवेश', 'निसर्ग विरुद्ध संगोपन' असे वेगवेगळे शब्द भेटतील. त्यातला परिवेश हा शब्द मला जास्त बरा वाटतो, कारण त्यात आईबापांच्या वळणाखेरीज बरंच काही येतं: गर्भात असताना आईला मिळालेलं अन्न, लहानपणी डोक्यात गेलेला ताप, शाळेतले गुरुजी, गल्लीतली पोरं.

२. मानसशास्त्राचा जन्म १८७९ मध्ये झाला असं परीक्षेत लिहायचं. त्याआधी कोणी मनाचा विचारच केला नव्हता का?

केला होता की. आपल्याकडे बौद्धांनी आणि न्याय, सांख्य, योगवाल्यांनी केला, ग्रीकांनी केला. १८७९ ही विचाराची नव्हे, प्रयोगशाळेची जन्मतारीख. त्या वर्षी जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंटने मनावर प्रयोग करायला खोल्या मिळवल्या. तिथे काय चालायचं, तर ठोका ऐकल्यापासून बटण दाबेपर्यंत सेकंदाचा कितवा हिस्सा जातो, हे घड्याळ लावून मोजायचं. वाचायला रुक्ष वाटेल, पण मनातली एखादी गोष्ट वजन-मापाच्या भाषेत मांडता येते हे तिथे दिसलं, आणि जगभरातून विद्यार्थी येऊन तेच शिकून गेले. भारतात हे वारं कलकत्ता विद्यापीठात पोचलं. १९१६ च्या सुमारास तिथे मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

हेरमान एबिंगहाउसने १९०८ मध्ये म्हटलं होतं की मानसशास्त्राला भूतकाळ मोठा आहे, इतिहास मात्र छोटा. परीक्षेत १८७९ लिहा आणि हे वाक्यही लिहा.

३. हा वाद सुरू कोणी केला?

शब्दांची जोडी जुनी आहे. इंग्लंडमधल्या रिचर्ड मुलकास्टर नावाच्या शिक्षकाने १५८२ मध्ये ती वापरली. पुढे जॉन लॉकने १६९० च्या ग्रंथात मन सुरुवातीला कोऱ्या पांढऱ्या कागदासारखं असतं असं मांडलं. आपण त्याची 'कोरी पाटी' केली, आणि ती शिक्षकांना फार आवडते, कारण खडू आपल्याच हातात राहतो.

पण वादाला मोजमापाचं रूप दिलं ते फ्रान्सिस गॉल्टनने. हा डार्विनचा आतेभाऊ, तोही सावत्र नात्याने. आजोबा एक, आज्या दोन. १८६९ मध्ये त्याने थोर माणसांच्या वंशावळी मांडून दाखवलं की कर्तबगारी घराण्यांत गोळा होते. न्यायाधीश, सेनापती, कवी अशी प्रकरणं करत करत शेवटाकडे तो कुठे पोचतो, तर इंग्लंडच्या उत्तर भागातल्या कुस्तीगिरांपाशी! हो, त्या ग्रंथात पैलवानांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कोल्हापुरात हे सांगितलं की वर्ग जागा होतो.

'निसर्ग आणि संगोपन' ही जोडी थेट शीर्षकात घेऊन त्याने इंग्रज शास्त्रज्ञांवरचं पुस्तक काढलं १८७४ मध्ये. त्याच साली, २६ जूनला, कागलकर घाटग्यांच्या घरात यशवंतरावांचा जन्म झाला. पुढे दत्तक जाऊन ते कोल्हापूरचे शाहू महाराज झाले. हा निव्वळ योगायोग आहे. पण लंडनला थोरपण रक्तात शोधलं जात होतं, आणि इथे त्या बाळाने मोठं होऊन वसतिगृहं बांधली, १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मला हा योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही.

४. पैलवानाचा पोरगा पैलवान होतो, गवयाचा गवई. यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

खाशाबा जाधवांचंच घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वडील दादासाहेब पैलवान. झालं, रक्तातच होतं! पण त्याच वडिलांनी पोराला लहानपणी लाल मातीत उतरवलं. रक्तही त्यांचं आणि मातीही त्यांचीच. शिवाय पुढे कोल्हापूर होतं, राजाराम कॉलेज होतं, १९४८ च्या लंडनवारीचा खर्च उचलणारे इथले महाराज होते, हेलसिंकीसाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य होते. यातलं कुठलं किती, हे एका माणसाकडे बघून कोणालाच सांगता येणार नाही. बाप जेव्हा वाण आणि गुण दोन्ही देतो, तेव्हा बाप आणि मुलगा यांचं साम्य दोन्ही बाजूंचा पुरावा होतं. म्हणजे कुठल्याच बाजूचा होत नाही.

गाण्यात हे जास्त स्वच्छ दिसतं, कारण तिथे घराणं या शब्दाचेच दोन अर्थ आहेत. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी होते. जयपूर-अत्रौली गायकी त्यांची. मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ ती गायले, इथवर रक्त. पण ती गायकी घराघरात पोचवली केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी, आणि या दोघींचा खाँसाहेबांशी रक्ताचा संबंध नव्हता. धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर मंजी खाँ आणि मग भुर्जी खाँकडे शिकले, त्यांचंही तेच. म्हणजे संगोपन जिंकलं? थांबा. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर. आता परत तोच घोळ, आईच गुरू!

गॉल्टनलाही ही अडचण दिसत होती. त्यावर त्याने तोड काढली ती मोठी चलाख होती: पोपच्या पदरी वाढलेले पुतणे-भाचे घ्या. त्यांना मोठ्या घराचे सगळे फायदे मिळाले, तरी थोरांच्या सख्ख्या मुलांइतके ते चमकले नाहीत, असा त्याचा दावा. मोजणी कच्ची होती, कल्पना पक्की. रक्त एकीकडचं आणि घर दुसरीकडचं अशी माणसं शोधायची, हीच वाट पुढे जुळ्यांच्या आणि दत्तकांच्या अभ्यासांकडे गेली (प्रश्न ६ आणि १५).

५. 'डझनभर बाळं माझ्या ताब्यात द्या, हवं ते बनवून दाखवतो' असं कोण म्हणालं? त्याने दाखवलं का?

जॉन वॉटसन, अमेरिकेतला वर्तनवादी, म्हणजे माणूस सवयीने आणि शिकवणीनेच घडतो असं मानणारा. कोणतंही बाळ घेऊन डॉक्टर, वकील, कलावंत, अगदी भिकारी किंवा चोरसुद्धा घडवून दाखवीन, असं त्याचं म्हणणं. दाखवलं नाही. लगेच पुढच्याच ओळीत त्याने कबूल केलंय की मी पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतोय, पण विरोधकही हजारो वर्षं तेच करताहेत. ही पुढची ओळ मार्गदर्शिकांत नसते. त्यामुळे पोरं वॉटसनला मूर्ख समजतात आणि परीक्षकही.

त्याने केलेला प्रयोग १९२० चा. 'अल्बर्ट' नावाने ओळखलं जाणारं एक तान्हं बाळ पांढऱ्या उंदराला हात लावायला गेलं की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. थोड्याच वेळांत बाळ नुसत्या उंदराला बघून रडू लागलं. भीती शिकवता येते हे दिसलं. त्या बाळाची भीती घालवायचं मात्र राहूनच गेलं. आज कोणतीही नीतिसमिती हा प्रयोग होऊ देणार नाही.

वर्तनवादाला मोठा धक्का १९५९ मध्ये बसला. भाषा ही फक्त सवयीने आणि बक्षिसाने येते हे वर्तनवादी स्किनरचं म्हणणं भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने त्याच्या पुस्तकाच्या परीक्षणात खोडून काढलं. मुलं कधीही न ऐकलेली वाक्यं बोलतात, 'मी करलो' म्हणतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

६. जुळ्यांवरच एवढं संशोधन का?

कारण निसर्गाने तिथे प्रयोग आधीच मांडून ठेवलाय. एकबीज जुळ्यांचा जनुकीय वारसा जवळजवळ तंतोतंत एक. द्विबीज जुळी इतर भावंडांसारखी, सरासरी निम्मा वारसा सामाईक. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. मग एकबीज जुळी एकमेकांसारखी जास्त निघाली, तर तो जादाचा सारखेपणा जनुकांच्या खात्यावर. आक्षेपही आहे: एकबीज जुळ्यांना लोक वागवतातच एकसारखं, एकसारखे कपडेसुद्धा शिवतात. म्हणून लहानपणीच ताटातूट झालेल्या जुळ्यांचा शोध सुरू झाला. अमेरिकेत मिनेसोटात थॉमस बुशार्डने १९७९ पासून अशा जोड्या गोळा केल्या. तिथली पहिली गाजलेली जोडी दोन 'जिम'ची. तान्हेपणी वेगळे झालेले हे भाऊ ३९ व्या वर्षी भेटले, आणि दोघांच्याही पहिल्या बायकांचं नाव लिंडा, दुसऱ्यांचं बेटी. वर्तमानपत्रांना एवढं पुरे होतं. लिंडाशी लग्न करायचं जनुक नसतं, हे मात्र मला दरवर्षी वर्गात सांगावं लागतं. त्या पिढीच्या अमेरिकेत लिंडा आणि बेटी गल्लोगल्ली होत्या.

२०१५ मध्ये पन्नास वर्षांतल्या जुळ्यांच्या २,७४८ शोधनिबंधांची एकत्र बेरीज झाली. सगळ्या गुणांची सरासरी काढली तर अनुवंशाचा वाटा ४९ टक्के आला. हा आकडा वाचून पुढचा प्रश्न हमखास येतो.

७. म्हणजे माझ्या मुलीची निम्मी बुद्धी आमच्याकडून आली आणि निम्मी शाळेकडून, असंच ना?

नाही, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

शिरोळकडच्या एका विद्यार्थ्याने मला हे समजावलं. मी त्याला समजावत होते खरं तर. त्याच्या घरी ऊस. बेणं ८६०३२ या वाणाचं. ऊस आपण बी पेरून लावत नाही, कांडीला डोळा असतो तो लावतो. म्हणजे एका बेण्याचे सगळे ऊस एकमेकांची एकबीज जुळीच. आता त्याच्या रानात एका कडेला निचरा चांगला आणि दुसरी कड क्षारपड. अलीकडचा ऊस पुरुषभर उंच, पलीकडचा कमरेएवढा, पिवळा. या रानातल्या उसांच्या उंचीत जो फरक आहे, त्यात अनुवंशाचा वाटा किती? शून्य. वाण एकच आहे, फरक सगळा मातीचा.

आता उलटं करा. एकाच सुपीक सऱ्यांत चार वेगवेगळ्या वाणांची बेणी मिसळून लावा. पाणी, खत, लागणीची तारीख सगळं एक. आता जो फरक दिसेल तो जवळजवळ सगळा वाणाचा. वाटा शंभराच्या जवळ. ऊस तोच, उंची हाच गुण, पण आकडा शून्यावरून शंभरावर गेला.

तर '५० टक्के' हा आकडा कोणा एका उसाबद्दल नसतोच. तो त्या रानातल्या उसाउसातल्या फरकाबद्दल असतो, आणि रान बदललं की तोही बदलतो. तुमच्या मुलीच्या बुद्धीचे दोन ढीग करता येत नाहीत. ऊस मातीने किती वाढला आणि बेण्याने किती, असं एका उसाला विचारतात का कोणी? बेणं नसतं तर काही उगवलं नसतं, माती नसती तरी नसतं.

त्या पोराने वर आणखी एक सांगितलं, ते पुस्तकात मी फार अवघड भाषेत वाचलं होतं. तो म्हणाला, मॅडम, आमच्याकडं क्षारपडीत २६५ लावत्यात, तो तग धरतोय. म्हणजे 'कुठलं वाण चांगलं' या प्रश्नाला रानाचं नाव घेतल्याशिवाय उत्तर नाही. जनुक आणि परिवेश यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना बदलतात, ते हेच. त्याला मी शंभरपैकी किती दिले ते सांगत नाही.

८. दोन रानांतला फरक पाहून 'हे बेणंच हलकं' म्हणता येईल का? म्हणजे समाजासमाजातल्या फरकाबद्दल विचारतोय.

नाही. मागचंच उदाहरण वापरा. एका मूठभर मिश्र बेण्याचे दोन भाग करा. एक सुपीक रानात, एक क्षारपडीत. प्रत्येक रानाच्या आतला फरक बहुतांशी वाणाचा असेल, पण दोन रानांमधला फरक निव्वळ मातीचा. आतला आकडा कितीही मोठा असो, तो बाहेरच्या फरकाबद्दल काही सांगत नाही. हाच युक्तिवाद धान्याचं उदाहरण घेऊन रिचर्ड लेवॉन्टिनने १९७० मध्ये मांडला. जातीजातींच्या बुद्धीवर छातीठोक बोलणाऱ्यांना मी हे उत्तर पाठवते. फारसे कोणी परत लिहीत नाहीत.

९. अनुवंशिक आहे म्हणजे आता काही उपाय नाही, हे तरी खरं का?

हेही नाही. फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा आजार पूर्ण अनुवंशिक आहे. अन्नातला एक घटक शरीराला पचवता येत नाही, तो साठतो आणि मेंदूची वाढ खुंटते. नॉर्वेच्या फोलिंग यांनी तो १९३४ मध्ये ओळखला. उपाय? जन्मल्या जन्मल्या रक्त तपासायचं आणि तो घटक जवळजवळ वगळलेला आहार द्यायचा. जनुक तसंच राहतं, मूल शाळेत जातं. चष्म्याचंही तेच.

उलट बाजूने पाहा. बुद्ध्यांक हा बराच अनुवंशिक गुण मानला जातो, तरी विसाव्या शतकात अनेक देशांत तो दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत गेला. जेम्स फ्लिन यांनी हे १९८० च्या दशकात पुढे आणलं. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. नॉर्वेत पुढे हा चढ थांबून उतार लागला, आणि तो सख्ख्या भावाभावांतही दिसला.

१०. एकाच घरात, एकाच ताटात जेवलेली दोन भावंडं इतकी वेगळी कशी निघतात?

हा प्रश्न बहुतेक वेळा थोरल्याची आई विचारते. पहिलं कारण जनुकांचंच: सख्ख्या भावंडांत सरासरी निम्माच वारसा सामाईक असतो, उरलेला वेगळा. दुसरं कारण लोकांना पटत नाही. घर एक असलं तरी दोघांना मिळालेलं घर एक नसतं. थोरल्याच्या वेळी तुम्ही भाड्याच्या खोलीत होता आणि जरा घाबरलेले होता. धाकट्याच्या वेळी फ्लॅट होता, आजी होती आणि तुमचा राग निवळला होता. धाकट्याला थोरला दादा होता. थोरल्याला नव्हता. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ मध्ये नेमका हाच प्रश्न शीर्षकात घेऊन दाखवलं की भावंडांना सारखं करणारा 'सामाईक घराचा' परिणाम स्वभावावर फार थोडा दिसतो. आईबाप निरुपयोगी, असा त्याचा अर्थ काढू नका. जिथे घरच मिळालं नाही तिथे काय होतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

११. बुद्ध्यांक चाचणी कोणी आणि कशासाठी काढली? मराठीत कधी आली?

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी, १९०५ मध्ये. हेतू साधा: शाळेत कोणाला जादा मदत लागेल ते ओळखणं. बुद्धी ही कायमची ठरलेली रक्कम आहे या समजुतीवर बिनेचा राग होता. चाचणी अमेरिकेत गेली, १९१६ मध्ये लुईस टर्मनने तिचा स्टॅनफर्ड अवतार काढला, आणि मदत शोधायचं साधन माणसं चाळायची चाळण झालं.

आपल्या भागात धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी तिचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं. रूपांतर म्हणजे नुसतं भाषांतर नसतं. चित्रातल्या मुलाला 'फायरप्लेस' ओळखता आली नाही तर बुद्धी कमी की घरात चूल? हा मुद्दा अजून संपलेला नाही.

१२. सहा वर्षांच्या आत सगळं ठरून जातं म्हणतात. उशीर झाला तर गेलंच का?

काही दारं खरंच वेळेवर बंद होऊ लागतात. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या काही आठवड्यांत झाकून ठेवला तर पुढे डोळा उघडूनही मेंदूला त्यातून नीट दिसत नाही. हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी दाखवलं. त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं.

पण दारं बंद होतात म्हणजे कुलूप लागतं असं नाही. १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू याने लॉकला पत्र लिहून विचारलं होतं: जन्मांधाला एकाएकी दृष्टी आली, तर हातांनी ओळखलेले गोल आणि घन तो नुसत्या नजरेने ओळखेल का? तीनशे वर्षं यावर वाद चालला. उत्तर मिळालं ते भारतात. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांच्या मोठ्या वयात शस्त्रक्रिया झाल्या. पट्टी काढल्यावर लगेच विचारलं, तर मुलांना हाताची ओळख नजरेत आणता येईना. 'ओळखणार नाही' हे लॉकचं उत्तर बरोबर निघालं. पण काही दिवसांतच येऊ लागली, कोणी शिकवणी न लावता. मग शिकण्याची ही तयारी कुठून आली? मुलं कोऱ्या पाटीसारखी नव्हती.

रुमानियाच्या अनाथालयांत अतोनात दुर्लक्षात राहिलेल्या आणि १९९० नंतर इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मायकेल रटर यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पहिल्या सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं बहुतांशी सावरली; जास्त काळ राहिलेल्यांतल्या बऱ्याच जणांना त्रास राहिला, तरी काही जण पूर्ण धडधाकट निघाले.

१३. पुस्तकी वाद आहे हो. त्याने कोणाचं काय बिघडलं?

पुष्कळांचं. 'सुप्रजनन' हा विचार आणि त्याचं नाव गॉल्टननेच १८८३ मध्ये दिलं: चांगल्या वाणाची पैदास वाढवा, हलक्याची रोखा. अमेरिकेत त्यातून सक्तीच्या नसबंदीचे कायदे आले. १९२७ मध्ये कॅरी बक या तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या' म्हणत नसबंदीला परवानगी दिली. तिसरी पिढी म्हणजे तिची तान्ही मुलगी. ती पोर पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत झळकली आणि आठव्या वर्षी आजाराने गेली. जर्मनीने १९३३ मध्ये असाच कायदा केला. त्याचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

इथलं उदाहरण लांबचं नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती 'गुन्हेगार' ठरवल्या. मूल जन्मलं की संशयित. हजेरी द्या, गाव सोडू नका. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ मध्ये हजेरीची पद्धत बंद केली, फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. ज्यांच्या रक्तात चोरी आहे असं सरकार म्हणत होतं, त्यांच्या हाती किल्ल्या! देशभरातला कायदा जायला १९५२ उजाडलं.

आता संगोपनवाल्यांचाही हिशेब घ्या, तो सहसा कोणी मांडत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) दोष थंड, मायाहीन आयांवर टाकला गेला. ब्रुनो बेटलहाइमने हे लोकप्रिय केलं. आधीच दमलेल्या बाईला सांगायचं की तुझ्यामुळेच झालं. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन आणि रटर यांच्या जुळ्यांच्या अभ्यासाने अनुवंशाचा जोर दाखवला, तेव्हा कुठे ते ओझं उतरू लागलं. आमच्याकडे अजून उतरायचंय. 'तू नोकरी करतेस म्हणून बाळ बोलत नाही' हे वाक्य मी या वर्षीही ऐकलं.

१४. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगतात. करून घ्यावं का? आणि गर्भसंस्कार?

ठशांचं आधी. माझ्या भाच्याचं झालंय. एका संस्थेचा माणूस लॅपटॉप घेऊन घरी आला, दहा बोटं टेकवली, काही हजार रुपये घेतले आणि रंगीत अहवाल दिला: मुलगा 'जन्मजात नेतृत्वगुणी', गणितात जेमतेम. वहिनींनी अहवाल फाइलला लावला आणि पोरानं गणित सोडलं, त्याला कारणच मिळालं होतं. बोटांच्या रेघांवरून बुद्धी किंवा कल कळतो याला वैज्ञानिक आधार नाही. गंमत म्हणजे ठशांवर १८९२ मध्ये मोठं पुस्तक लिहिणारा माणूस परत गॉल्टनच. वंश आणि गुण ठशांत दिसावेत अशी त्याची फार इच्छा होती. त्याने तपासलं आणि दिसत नाहीत हे लिहून ठेवलं.

गर्भसंस्काराचं जरा वेगळं. शेवटच्या महिन्यांत बाळाला ऐकू येतं आणि आईचा आवाज ते जन्मल्यावर ओळखतं, हे डीकॅस्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९८६ मध्ये दाखवलं. गर्भात वारंवार ऐकलेला मजकूरही त्याला ओळखीचा वाटतो. ओळखीचा वाटतो, पाठ होत नाही. बाळ हुशार होईल म्हणून ध्वनिफिती विकत घेण्यापेक्षा आईला वेळेवर जेवण, लोहाच्या गोळ्या आणि घरात शांतता मिळू द्या.

१५. आम्ही मूल दत्तक घेतोय. त्याच्यात त्याचे जन्मदाते उतरतील का?

हा प्रश्न कोणी गटात विचारत नाही, नेहमी खासगीत येतो, बहुतेक रात्री उशिरा.

१९४९ मध्ये मारी स्कोडॅक आणि हॅरल्ड स्कील्स यांनी अमेरिकेत दत्तक गेलेल्या १०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या निघाल्या. मुलांचा क्रम जन्मदात्या आयांच्या क्रमाशी जुळत होता. जिचा बुद्ध्यांक जास्त, तिच्या मुलाचा तुलनेने जास्त. आणि सगळीच्या सगळी रांग मिळून जन्मदात्या आयांच्या कितीतरी वर सरकली होती, चांगल्या घरांत वाढल्यामुळे. पहिली गोष्ट वाचणारे अनुवंशवादी होतात, दुसरी वाचणारे संगोपनवादी. अभ्यास एकच.

तर हो, काही उतरेल. उंची, आवाजाची पट्टी, एखादा हट्ट, कदाचित गाण्याचा कान. ते कोणाचं म्हणून शोधत बसाल तर प्रत्येक खोडीत परका माणूस दिसेल. पोटच्या पोरात आपण तेच 'अगदी मामावर गेलाय' म्हणून हसण्यावारी नेतो. गेल्या वर्षी असंच एक जोडपं भेटून गेलं होतं. परवा रंकाळ्यावर दिसलं, सोबत पोरगी, हातात कणीस. बाबा मला म्हणाले, मॅडम, हिला तिखट लागतंच नाही हो, कोणावर गेलीय कोण जाणे. आई म्हणाली, कोल्हापूरवर.